इपोहचे व्याही पिनांगच्या रांगेत

...आणि दोन ताटं चाटूनपुसून संपवल्यावर हा माणूस म्हणतो काय, तर "वाईट नाही. पण इपोहला..."

तुम्हाला सांगतो, मी टिओ केंग सिउ, जन्म मलेशियातल्या पिनांगचा, नोकरी इथल्याच फेरीबोटीवर झाली, पण इतक्या शांतपणे माझं नाक कुणी कापलं नव्हतं. हा माणूस कोण? लाम वाय केओंग, शेजारच्या इपोह शहरचे. माझे होणारे व्याही, आमच्या मुलीचे, हुई मिनचे सासरे. भानगड एवढीच, की लग्नाची मेजवानी पिनांगला की इपोहला. आता मला सांगा, मुलगी पिनांगची आणि पंगत इपोहला? माझ्या आत्या-मावश्या बसने हादरत जाऊन परक्या गावात जेवणार? बायको म्हणाली, "भांडू नका. त्यांना गाव दाखवा, खायला घाला, आपणहून कबूल होतील." निघालो.

आमच्या गावात एकाच रस्त्यावर चिनी देवीचं देऊळ, तमिळांच्या मारिअम्मनचं देऊळ, मशीद, चर्च, सगळे एकमेकांचे शेजारी. कुणाची घंटा, कुणाची बांग, कुणाचं काही अडत नाही. लामसाहेबांनी मान वर केली, खाली केली. "वाईट नाही. पण इपोहला देव गुहेत असतात. गार वाटतं." घ्या! देवालाही डोंगरात नेऊन बसवलं. बरं, लाक्सा, म्हणजे माशाचं आंबट शेवयांचं सार पाजलं, घाम फुटेपर्यंत प्यायले... वाईट नाही. मोठ्या आचेवर परतलेल्या शेवया दिल्या, तर त्यातले मुगाचे मोड जेवायच्या काड्यांनी उचलून उजेडात धरले आणि म्हणाले, "इपोहचं पाणीच वेगळं. तिथले मोड कसे गुबगुबीत." मग कादरमामाच्या खाणावळीत नेलं, भातावर चार रस्से एकत्र ओतून घेतले. तीच ही दोन ताटं. कादरमामा माझ्या कानाशी येऊन म्हणाला, "टिओअण्णा, पाहुण्यांना जीभ आहे ना?" मी काय सांगणार? आहे, आणि इपोहची आहे.

तेवढ्यात दिसली रांग. आता आम्हा पिनांगकरांचं असं आहे, की रांग दिसली की उभं राहायचं. कसली, हे विचारायचं नाही. विचारतो तो बाहेरगावचा. मी आपला उभा राहिलो आणि डोकं चालवलं. पुढे डोक्यावर रुमाल बांधलेल्या मलाय बायका, म्हणजे डुक्कर नाही. त्यांच्यापुढे कपाळाला भस्म लावलेला तमिळ मास्तर, म्हणजे गाय नाही. मग चिनी म्हाताऱ्या, म्हणजे स्वस्त. कोंबडीच असणार! मी लामसाहेबांना छातीठोकपणे सांगितलं, "व्याही, यासारखी गोष्ट अख्ख्या शहरात नाही." ते म्हणाले, "बघू."

तासाभराने आमचा नंबर लागला. टेबलामागची बाई म्हणाली, "काका, बाही वर करा."

रक्तदान हो! देवळाच्या सभागृहात रक्तदान चाललेलं. मी व्याह्यांकडे बघितलं, व्याह्यांनी माझ्याकडे. आता माघार कोण घेणार? मी घेतली तर पिनांगची नाचक्की, त्यांनी घेतली तर इपोहची. झोपलो दोघं शेजारीशेजारी. सुई टोचली, तरी छताकडे बघत म्हणतात, "वाईट नाही. पण इपोहला हात हलका असतो." खरं सांगतो, तिथे मात्र मला रडू आलं. अंगातलं रक्त काढून दिलं तरी या माणसाला गोड लागेना, पोरीचं कसं होणार?

उठल्यावर हातात कागदी पेल्यात गरम मायलो दिला, देशभर घरोघरी डब्यात असतो तोच चॉकलेटी, आणि दोन बिस्किटं. लामसाहेबांनी एक घोट घेतला. थांबले. दुसरा घेतला. पेला संपवला, आणखी मागून घेतला, त्यात बिस्किट बुडवलं आणि डोळे मिटून म्हणाले, "व्याही, हे मात्र मानलं. असं इपोहला मिळत नाही. पंगत पिनांगलाच."

मी जिंकलो! घरी आलो, बायकोने तोंड गोड केलं, दुसऱ्याच दिवशी लामसाहेबांचा फोन. ठरल्याप्रमाणे मेजवानी पिनांगला. आचारी, कोंबड्या, मोड आणि पाण्याची पिंपं इपोहहून येणार.

पिनांगकडे मायलो आहे.