स्टबर्न आणि अंगणातला खुंट

"सरक की जरा, गुडघ्यावर बसलीस माझ्या!" – ऐकलं हं मावशी! माइकपेक्षा माझे कान तिखट आहेत. द्या त्यांना जागा. आणि मंडळी, एक सांगा – माणूस चुकतो, ते पाप? की चूक कवटाळून बसतो, ते?

ऐका तर! कोकणातले अनंतराव खांबेटे. अंगणात दोन आंबे. एक आंबट ढाण, दुसरा पायरी – नुसता मध! आंबट तोडायचा ठरला. कुऱ्हाडवाला आला, अनंतरावांनी ऐटीत बोट दाखवलं – आणि पडला कोण? पायरी!

चुकलो म्हणतील? छे! "आतून पोखरलेला होता. बघा, पुन्हा फुटेल!" झालं! रोज खुंटाला तांब्याभर पाणी. अकरा वर्षं! पालवी? भूछत्रं आली हो, भूछत्रं! घरातले चिडीचूप. आंबट रस ओरपायचा, डोळे मिटायचे, म्हणायचं – "वा!"

पुढे लेकीचं, मंजिरीचं लग्न ठरलं. तिची हौस एकच – मांडव आपल्या अंगणात. आणि अंगणाच्या मधोमध? खुंट! "तो हलणार नाही," अनंतराव म्हणाले. होणारा जावई हृषीकेश, इंग्रजीचा मास्तर. जागा बघायला आला, अंगठा ठेचला, आणि कळवळून म्हणाला – "स्टबर्न!"

"कुणाला म्हणालात?"

"ख-खुंटाला, काका! स्टब म्हणजे खुंट. त्यावरूनच हट्टी माणसाला स्टबर्न म्हणत असावेत... पण नक्की नाही. पंडितांचं एकमत नाही."

"एकमत नाही ना? मग खुंट राहील! पटत नसेल तर दुसरं घर बघा!"

झालं की हो! लग्न मोडायची वेळ! मंजिरीच्या डोळ्यांत पाणी. आणि बाकीचे? मंजिरीचे काका छताकडे बघतायत – अंगणात कसलं आलंय छत! काकू कोरडाच पदर पिळतेय. हसताय? तुमच्या घरी कोण बोलतं? आमटी खारट झाली तर दोन तांबे पाणी पिता, पण बोलत नाही! पेटीवाले, थांबा जरा. आपल्या घरातला खुंट कोणता, आणि त्याला पाणी कोण घालतंय – आठवा ज्याचं त्यानं.

आठवला? खाली बघू नका, सगळ्यांचाच असतो!

तर सिंधूवहिनी, अनंतरावांच्या पत्नी, पुढे झाल्या. नवऱ्याच्या सदऱ्याचं उघडं बटण लावलं. अगदी हळू म्हणाल्या –

"अहो, झाड चांगलं होतं. बोट चुकलं तुमचं."