तुकडा त्यांचा, म्हातारा आमचा

नाही, पण मी म्हणतो, स्वतःचाच उपग्रह स्वतःच क्षेपणास्त्र मारून फोडायचा, ही कसली हौस? चांगला फिरत होता बिचारा! पण त्या देशाला दाखवायचं होतं ना, बघा आमचा नेम... दाखवला! टाळ्या पडल्या! आणि तुकडे? ते बसलेत वर गरगरत, आणि त्यातला एक, तुम्हाला सांगतो, एवढासा तुकडा हो, पडद्याच्या कडीएवढा, तो आमच्या संसारात घुसला. म्हणजे तसा नव्हे. आमची ही उपग्रह सांभाळते, तिच्या म्हाताऱ्याच्या अंगावर निघाला.

म्हातारा म्हणजे हिचा उपग्रह. समुद्रावर वादळ कुठे उठतंय ते सांगणारा. सोडला तेव्हापासून हिच्याच हाताखाली. मी तापाने फणफणलो तर ही म्हणते, "गोळी घ्या," आणि त्याची बॅटरी जरा गरम झाली की हिच्या घशाखाली घास उतरत नाही! असो. मी पडदे शिवणारा माणूस, मी कशाला बोलतोय?

तर भर दुपारी मी दुकानात शिलाई उसवत बसलोय आणि ही आली, चेहरा उतरलेला. "अहो, तुकडा येतोय. त्याला बाजूला घ्यावं लागेल." म्हटलं, "घे की मग!" "इंधन संपत आलंय हो. आता हलवला तर उरेल ते त्याला खाली आणून जाळण्यापुरतंच." आणि नाही हलवला तर? तर कदाचित काहीच होणार नाही. नाहीतर म्हाताऱ्याच्याही चिंध्या, आणि मग त्या चिंध्या आणखी कुणाच्या तरी अंगावर! एवढासा तुकडा हो!

मी म्हटलं, फोन लाव त्या फोडणाऱ्यांना. कारण या उपग्रहवाल्यांच्यात पद्धत आहे, दोन उपग्रह समोरासमोर आले की ही माणसं चक्क एकमेकांना विचारतात, 'तुम्ही सरकता की आम्ही सरकू?' किती छान! पण तुकड्याला सरकवणार कोण? त्याला ना इंजिन, ना कान.

मग मी मेहुण्याला गाठलं. हिचा धाकटा भाऊ, आंतरराष्ट्रीय कायद्याचा वकील, मीठ मागितलं तरी आधी प्रस्तावना करतो. म्हटलं, खेच त्यांना कोर्टात! तर घसा साफ करून, "भाऊजी, स्वतःचा उपग्रह फोडू नये, असा स्पष्ट कायदाच नाही." बरं! "धडक बसली तर भरपाई मागता येईल, पण तुकडा त्यांचाच हे सिद्ध करा, वर चूकही त्यांचीच हे सिद्ध करा." बरं! मग निदान कुणीतरी तो उचलून आणा! "छे छे, भाऊजी! तुकडा त्यांच्या मालकीचा. परवानगीशिवाय हात लावता येत नाही." आता बोला! भरपाई मागायला गेलं की तो कुणाचाच नाही, आणि उचलायला गेलं की लगेच त्यांचा! एवढासा तुकडा हो, आणि मान जावयाचा!

शेवटी हिनेच ठरवलं. म्हाताऱ्याला हलवलं. तुकडा गेला निघून... लागला असता की नसता, देव जाणे. हिचे साहेब म्हणाले, "इंधन उरलंय ना थोडं? चालवा अजून वर्षभर. खाली आणायची सक्ती कुठाय, नुसती सूचना आहे ती." तर ही, कधी आवाज न चढवणारी, म्हणाली, "साहेब, माझा म्हातारा दुसऱ्याच्या वाटेत मरून पडणार नाही." अभिमान वाटला हो मला, खोटं कशाला बोलू?

आणला खाली. भर समुद्रावर, माणसांपासून लांब, जळून गेला. ही घरी आली ती भिंतीकडे तोंड करून पडली, आणि मी, आयुष्यभर त्या म्हाताऱ्यावर जळलेला माणूस, मीही रडलो!

आणि पुढच्याच आठवड्यात हिच्या ऑफिसात अभिनंदनाचा संदेश! कुणाचा? ज्यांनी फोडला त्यांचा! "अंतराळ स्वच्छ ठेवण्याची आपली जबाबदार वृत्ती अनुकरणीय आहे." अनुकरणीय! अहो, मी असा भडकलो... आणि ही म्हणते, "उत्तर तर द्यायला हवं, रीत असते. पण मला शब्दच सुचत नाहीत हो." म्हटलं, सरक. बसलो लिहायला. "आपल्या सदिच्छांबद्दल आम्ही अत्यंत आभारी आहोत." वाचून दाखवलं. हिने कागद ओढून घेतला, स्वतः एकदा वाचला आणि म्हणाली, "'अत्यंत' काढा."

काढलं. दुसरं काय करणार?