पहिल्या ओळीतली चूक

हसाल तुम्ही, पण नव्व्याण्णव साली हे खरंच घडलं. पाचच्या आत धुळ्याच्या तेलगिरणीला माझे सरकीचे दर ईमेलने गेले नाहीत, तर सौदा दुसऱ्याचा. आणि लिनक्स लॅपटॉपवरचा सुरक्षेचा प्रोग्रॅम सुरूच होईना, त्याशिवाय इंटरनेट जोडेना. भुसावळच्या इंजिनिअरला फोन लावला.

“भाऊ, तुम्ही सांगितलेली सेटिंगची नवी फाइल केली, पण पहिल्याच ओळीत चूक दाखवतंय.”

“काय लिहिलंय तिथं?”

“श्री.”

“कोणी लिहिलं, शेठ?”

“मीच. नवी फाइल श्रीशिवाय कशी सुरू करायची?”

“पुसा ते.”

“ते माझ्याच्यानं व्हायचं नाही.”

पावणेपाच झाले होते.

“बरं, श्रीच्या आधी हॅशची खूण टाका. श्री तिथंच राहील, मशीन फक्त तिकडे बघणार नाही.”

टाकली, तसा प्रोग्रॅम सुरू झाला. पाचला दोन मिनिटं असताना दर गेले आणि सौदाही झाला. मशीननं नसेल बघितलं, श्रीनं बघितलं.