खरखरीत हरवलेलं ‘थांबा’

विमान अपघाताच्या चौकशीच्या खोलीबाहेर, त्या अपघातात गेलेल्या कॅप्टनची बायको बाकावर बसली होती. शेजारी टॉवरमधला कंट्रोलर आणि वाचलेला को-पायलट बोलत होते. ते तिला ओळखत नव्हते.

“मी म्हणालो होतो, धावपट्टीवर या, पण थांबा.”

“‘थांबा’ रेडिओच्या खरखरीत गेलं, साहेब.”

“मग पुन्हा विचारायचं!”

“कॅप्टन म्हणाले होते, विचारू या. मीच म्हटलं, उड्डाणाची परवानगी मिळालीय, चला.”

“आत काय सांगितलंस?”

“घाई कॅप्टननी केली.”

“अरे! आणि कॉकपिटमधलं रेकॉर्डिंग?”

“जळालं. मेलेल्याची नोकरी जात नाही, साहेब.”

शिपायाने हाक मारली, “कॅप्टनच्या मिसेस?”

ती उठली. को-पायलट पांढराफटक पडला.

“आत येऊन एवढं खरं सांगा हो, भाऊ.”

तो जमिनीकडे बघत राहिला. कंट्रोलरने तोंड फिरवलं. ती एकटीच आत गेली.