मेहताबमियांचा एक अर्ज

...आन त्या साहेबानं, तुमाले सांगतो, फाईलीतून मान वर न काढता मले विचारलं, "तुम्ही पिंजारी आहात, याला पुरावा काय?" आता माह्याकडे पाहा तुमी, नीट पाहा. कानात कापूस, भुवयांत कापूस, मिशीत कापूस, सकाळी दुकानातून निंघतानी दोनदा आंग झटकलं तरी मी खुर्चीवर बसलो त कापूस उडाला आन त्याच साहेबाच्या चहात जाऊन पडला, त्यानं तो बोटानं काढला, टेबलाच्या कडेले पुसला, आन मले विचारून राहिला, पुरावा काय? राजापेठमंदी माहं गाद्या-रजायांचं दुकान हाय, शेख अय्युब नाव माहं, सव्वीस वर्षं झाले, तुमच्यातले अर्धे लोक माह्या हातच्या गादीवर झोपत असतीन आन ज्यायची कंबर दुखते ते दुसऱ्याच्या. बाप कापूस पिंजत होता, आजा पिंजत होता, आन मले म्हने पुरावा. काहून? त मेहताबमिया शेतकरी होते!

थांबा, मेहताबमिया कोन ते सांगतो. माह्या बापाच्या बापाच्या बापाचा बाप. त्याले म्या पाह्यलं नाई, माह्या बापानं पाह्यलं नाई, त्याचा फोटो नाई, कबर कोनती तेबी कोनाले सांगता येत नाई, आन असा मानूस शंभर-सव्वाशे वर्षांनी उठून माह्या पोरीच्या डॉक्टरीत आडवा पडला. पोट्टी जेबा. दोन वर्षं कोचिंगले गेली, मशीन चालू असली की कानात बोळे घालून माळ्यावर अभ्यास करे, मार्क आले, यादीत नाव आलं, सीट भेटली. पन सीट भेटली मागासवर्गातून, कारन आमचा पिंजारी समाज त्या यादीत हाय. फक्त एक पायजे, सदुसष्ट सालाच्या आधीचा सरकारी कागद, ज्याच्यावर आपल्या खानदानातल्या एखाद्याच्या नावापुढं 'पिंजारी' लिहेल असन. तीस तारखेच्या आत आना, नाई त सीट गेली. म्या म्हनलं, एवढंच ना? आन हसलो. माह्या तोंडावर थुका तुमी, मी हसलो.

बापाचा शाळेचा दाखला काढला. जात मुसलमान, पालकाचा धंदा शेती. आजाचा काढला. मुसलमान, शेती. चुलत आजाचा निकाहनामा, काश्तकार, म्हनजे शेतकरीच. अन् वावर किती होतं या काश्तकारायचं? तीन एकर! अकोटच्या खाली, खारपानपट्ट्यात, जथी विहिरीचं पानीबी खारट. मेहताबमियानं घेतलं, माह्या आजानं घालवलं, आन पुन्हा खांद्यावर पिंजनाची कमान घेऊन गावोगाव फिरला, "गादीऽ, रजईऽ" करत. पन मास्तरनं शाळेत विचारलं, धंदा काय लिहू? त कमान भिताडाले टेकवून, मिशीतला कापूस झटकून, मोठ्या ऐटीत सांगे, "काश्तकार." मास्तर आंधळा होता का? नव्हता. त्याच्याच घरच्या गाद्या आमीच भरत होतो. तरी त्यानं लिहिलं. काहून? त मेहताबमिया शेतकरी होते, त्यायचा नातू पिंजारी कसा असन!

बरं, वंशावळीवर घरातल्या मोठ्या मानसाची सही लागते, आन आमच्या घरात मोठा मानूस म्हनजे जुबेर चाचा. माह्या बापाचा लहान भाऊ, वय अठ्ठ्याहत्तर, दोन दात, बीपी, शुगर, आन वरून खानदान. या बुढ्यानं जवानीत अकोटच्या बाजारात एकाचा दात पाडला होता, काहून त त्यानं "ए पिंजाऱ्या" म्हनून हाक मारली. आता त्याच बुढ्याले मी सांगतो की चाचा, शंभराच्या स्टॅम्प पेपरवर लिहून द्या की मी पिंजारी हाव. चाचा पलंगावरून उठला, चष्मा घातला, मले खालून वर पाह्यलं, आन म्हने, "तेरा बाप मर गया, अच्छा हुआ." त्या पलंगावरची गादीबी म्याच भरेल हाय, दर दोन वर्षांनी फुकटात पिंजून देतो. शेवटी माही बायको रजियाबी गेली, ते गोड बोलते, मले सोडून सगळ्यायशी. म्हने, चाचा, पोट्टी डॉक्टर झाली त तुमची शुगर रोज घरच्या घरी तपासन. बुढ्यानं सही केली. शुगरनं केली, खानदानानं नाई केली.

मंग चौकशीवाला आला दुकानात. हापिसाचं नाव नाई सांगत, माह्या लहान पोरीचा, नाजियाचा अर्ज अजून जायचा हाय. आला, मशीन चालू होती, शिंकला पाच वेळा, आन म्हने, "तुमच्या समाजाचा पारंपरिक व्यवसाय कोणता?" म्या म्हनलं, साहेब, तुमी ज्याच्यात उभे हात तोच. म्हने, "तोंडी नको, सविस्तर सांगा." सविस्तर सांगतलं. सरकी कशी निंघते, कापूस कसा फुलते, आजाची कमान कशी होती, तिची तात, म्हनजे दोरी, कशाची होती, सगळं. त्यानं मशीनीकडे पाह्यलं, म्हने, "पण याला तर मोटर आहे." हाव, हाय मोटर. "पिंजारी तर धनुष्यानं पिंजतात ना?" आता मी काय रामलीलेत हाव? तरी घरी गेलो, आजाची कमान शोधली, त रजियाबीनं तिच्यावर मिरच्या वाळू घातल्या होत्या. चौकशीवाल्यानं लिहिलं, 'अर्जदार गाद्यांचा व्यापारी असल्याचे आढळले.' आन जातानी दोन उशा पाहून गेला, कापूस चांगला हाय म्हने.

तारीख जवळ येऊन राहिली. मंग एकानं सांगतलं, अकोटले जाय, कोतवाल बुकं पाय. पहिले गावात कोन जन्मलं, कोन मेलं, ते कोतवाल लिहून ठेवे, जातीसकट. मी एस्टीनं अकोटले. तथी तुमाले सांगतो अख्खं वऱ्हाड आपापला आजा शोधाले येऊन बसेल. एक जन त आनंदानं रडून राहिला होता, काय झालं म्हनलं, त म्हने, "पणजी भेटली, पटकीनं मेली म्हने!" त्याचं काम झालं होतं. मले त त्याचा हेवा वाटला, भाऊ. माह्या डोक्यात हेच येऊन राहिलं की आपलंबी कोनी पटकीनं मेलं असन का, जातीसकट.

चार दिवस धूळ खाल्ली. पाचव्या दिवशी शेख मेहताबच्या पोराचा जन्म भेटला. आन जातीच्या रकान्यात जे लिहेल होतं ते खोडेल. असं खोडेल की कागद फाटला. वर बारीक लिहेल, 'शेती'. आन त्या पानाले टाचनीनं लावेल एक अर्ज, मोडीत. म्या छातीले धरला तो. मले वाचता येत नव्हता, म्हनून धरला.

मोडी वाचाले अकोल्याचे नत्थुजी. ऐंशी वर्षांचा मानूस, भिंगाखाली भिंग लावून वाचते, आन बोलन्यात दयामाया नाई. मले म्हने, बस, सकाळपासून तू तिसरा, पयल्याचा आजा चोर निंघाला, दुसऱ्याचा निंघालाच नाई. मंग अर्ज डोळ्याले लावला, आन वाचाले लागला, असा सावकाश की माहा जीव जाऊन परत आला. "मी शेख मेहताब वल्द शेख गुलाब, धंदा काश्तकारी. कोतवालाने माझे मुलाचे नावासमोर जात पिंजारी लिहिली..."

म्या उडी मारली. पिंजारी! सरकारी कागद, इंग्रजाच्या वेळचा, नाव माह्या खापरपणज्याचं, आन त्याच ओळीत पिंजारी. म्या नत्थुजीचे पाय धरले. ते म्हने, पाय सोड, पुढं आयक. "...हे लिहिणे खोटे आहे. मी पिंजारी नाही. माझा बाप पिंजारी नव्हता. माझे वंशात पुढेही कोणी पिंजारी होणार नाही. हे शपथेवर लिहून देतो." खाली आंगठा. आन पाच पंचायचे आंगठे. पाच! एकानंबी म्हनलं नाई की मेहताब, भाऊ, तुह्या मिशीत कापूस हाय.

दुसरा कागद नव्हता. तोच घेऊन गेलो. सुनावनीले मी, जेबा, आन जुबेर चाचा, शेरवानी घालून, डांबर गोळ्यायचा वास मारत. बुढ्याले रस्ताभर पढवलं, चाचा, तुमी फक्त बसाचं, बोलाचं नाई, ऑटोवाल्यालेबी पाठ झालं. साहेबानं नत्थुजीनं मराठीत उतरवून देल्लेला अर्ज वाचला. म्हने, "हे तुमचेच पूर्वज?" हाव. "यांनी शपथेवर सांगितलंय की ते पिंजारी नाहीत." हाव. "आणि तुम्ही शपथेवर सांगता की ते पिंजारी होते. मग खोटं कोण बोलतंय?"

 बाजूले जेबा. पोट्टीनं माही बाही पकडेल, लहानपनी मशीनीच्या आवाजाले भिऊन पकडे तशी. म्या म्हनलं, साहेब, ते खोटं बोलले. "कशावरून?" कारन ते पिंजारी होते. "कशावरून?" कारन मी पिंजारी हाव. "कशावरून?" कारन मी त्यायचाच वंशज. "म्हणजे खोटं बोलणाऱ्याचे वंशज. मग तुमच्या शपथेवर आम्ही विश्वास ठेवायचा?" सगळे हसले. शिपाईबी हसला. जेबा नाई हसली.

तरी म्या हिंमत नाई सोडली. म्हनलं, साहेब, लाज वाटली असन त्याले. तीन एकर घेतलं, लोकायनं पिंजाऱ्या म्हनू नये वाटलं, म्हनून लिहिलं. एका कोऱ्या कागदावर जरासं खोटं लिहिलं त्यानं, एवढंच. साहेबानं पेन थांबवला. मले वाटलं, मऊ झाला. खरंच, त्या मानसाच्या तोंडावर जरा काईतरी दिसलं. आन तेवढ्यात शेरवानी उठली. दोन्ही हात टेबलावर टेकवून, दोन दातांनी, भरल्या आवाजात जुबेर चाचा म्हने, "साहब, हमारे परदादा झूट नहीं बोलते थे."

झालं.

निकाल पोस्टानं आला. 'अर्जदाराचे पूर्वज शेतकरी होते, हे त्यांच्याच कागदावरून व कुटुंबातील ज्येष्ठ व्यक्तीच्या कथनावरून सिद्ध होते. सबब दावा अमान्य.' सीट गेली. रजियाबी दोन दिवस जेवली नाई. मी मेहताबमियाले शिव्या देल्या, मोठ्यानं, दुकानाचं शटर पाडून, कबर माईत असती त तथी जाऊन देल्या असत्या. आन जुबेर चाचानं काय केलं? निकालाची झेरॉक्स काढली, फ्रेम केली, बैठकीत टांगली. सरकारचा शिक्का हाय ना त्याच्यावर! येईल त्या पाव्हन्याले खुर्चीवर चढवून वाचाले लावते, "देखो, सरकार ने लिख के दिया, मेहताबमिया शेतकरी थे." पाव्हना खाली उतरते, पलंगावर बसते, आन म्हने, वा चाचा, गादी काय मऊ हाय, कोनाकडून भरली?

जेबानं शिव्या देल्या नाई. रडलीबी नाई आमच्यासमोर. आठ दिवसांनी अथल्याच एका कॉलेजात बीएस्सीले नाव टाकाले गेली, खुल्या जागेतून, आन फॉर्म सहीले घेऊन दुकानात आली. म्या हात पुसले, चष्मा लावला, वाचला. नाव बरोबर. जात, रिकामी रेघ. वडिलांचा व्यवसाय, शेती.

मशीन बंद केली म्या. घरात आमी हिंदीत बोलतो, तुमाले मराठीत सांगतो. म्या विचारलं, बेटा, आपलं वावर कोठी हाय? पोट्टीनं माह्या मिशीतला कापूस काढला, चिमटीत धरला, फुकून देल्ला, आन म्हने, "अब्बा, पिंजारी लिहून पाह्यलं ना आपन."

 खाली पालकाची सही लागत होती, ते म्या करून देल्ली, आन मशीन पुन्हा चालू केली. दोन रजाया पिंजाच्या होत्या.