लांबोबाची खोली विक्रीत नाही

— नाही नाही, त्या दाराची मापं घेऊ नका दादा, ती खोली विक्रीत नाही. बाकीचं घर बघा ना निवांत — स्वयंपाकघर बघा, मागची गॅलरी बघा, नळ सोडून बघा — पण ती खोली नाही. का म्हणजे? तिथे माणूस राहतो. भाडेकरू? छे! भाडेकरू असता तर काढता आला असता. माझ्या कादंबरीतला आहे तो. लांबोबा म्हणते मी त्याला, कुलपं दुरुस्त करतो. हसू नका, आधी चौकट बघा — बाकीच्या दारांपेक्षा हातभर उंच आहे की नाही? सुतार बोलावून वाढवून घेतली. तर काय, पहिली काही प्रकरणं हा आत जाताना दर वेळी कपाळ आपटून घ्यायचा आणि कळ यायची माझ्या डोक्यात! सुतार विचारायला लागला, बाई, एवढी उंच कुणासाठी? मी तोंड उघडायच्या आत आमचे हे म्हणाले, "उंट येणार आहे राहायला." हे स्वतः स्टुलावर चढल्याशिवाय माळ्यावरचा डबा काढू शकत नाहीत — ती चौकट त्यांच्या जिव्हारी लागली, ती लागलीच.

लोकांना वाटतं, लिहिणारी बाई म्हणजे देव — ह्याला मार, त्याचं लग्न लाव, संपलं. कसला देव! मी भाजी चिरता चिरता संवाद मोठ्यानं म्हणून बघते, आणि हा पलीकडून सांगतो, "मी असं बोलणार नाही." बरं बाबा, नको बोलूस. ह्याला मी चांगला अट्टल चोर करणार होते, विश्वास ठेवा. सगळं जमवलं होतं — सराफाची तिजोरी, सामसूम दुपार, रखवालदाराला डुलकी. पाठवला. तर हा पठ्ठ्या तिजोरीपुढे मांडी घालून बसला, कुलूप खरखरतंय म्हणून खोललं, पुसलं, तेल घातलं, परत लावलं आणि हात हलवत घरी आला! वर मलाच ऐकवतो, "आता नीट बंद होतंय." महिनोन्महिन्यांची जुळवाजुळव पाण्यात. प्रकाशक डोक्याला हात लावून बसले. मी मात्र इतकी हसले, इतकी हसले — की हे धावत आले, "कुणाशी बोलतेयस?" आता ह्यांचं आणि माझं बोलणं म्हणजे काय — गॅस संपत आलाय, गोळी घेतलीस का, कडी लावली का. तेवढ्यात आमचा सगळा संसार मावतो. वाईट नाहीत हो. वाईट असते तर सोपं गेलं असतं.

तर हे गेले लेकीकडे राहायला, आणि मी शब्द दिला — पुस्तक झालं की घर विकू, मीही येते. दिला होता, नाही कुठे म्हणतेय? शेवटच्या पानावर लांबोबा ट्रंक उचलतो आणि गाव सोडतो, बस. पण निघाला की काहीतरी होतंच. एकदा बुटाची नाडी तुटली. एकदा ट्रंकेची कडी निखळली. एकदा शेजारीण न्हाणीघरात अडकली — मग दार कोण उघडणार, तुम्ही? आणि परवा तर सगळं धडधाकट — नाडी, कडी, शेजारीणसुद्धा. उंबरठ्यात उभा राहिला, माझ्याकडे बघून मान हलवली, येतो म्हणाला. मीच पेनाला टोपण लावलं. त्याला काय कुलूप घालून अडवता येतंय? — म्हणजे — सोडा. तुम्हाला काय करायचंय.

वाजतोय तुमचा फोन. ह्यांचाच ना? त्यांनीच पाठवलंय तुम्हाला घर बघायला, ओळखते मी. द्या इकडे, द्या — हं, मीच बोलतेय. दाखवलं. सगळं दाखवलं. नाही, ती नाही दाखवली. गृहस्थ चांगले आहेत, मी कुठे काय म्हणतेय! कधी संपणार? अहो, संपवायचं असतं तर उन्हाळ्यातच संपवलं असतं... हो. बरोबर ऐकलंत. मोडला शब्द, काय करणार आहात? तुम्ही या ना इकडे — मधली खोली झाडून ठेवते, पंखाही बदललाय. नाही, तो जाणार नाही. कोण लागतो माझा? काही लागत नाही, म्हणून तर राहिलाय. लागणारे सगळे गेले ना तिकडे — हॅलो? अहो, हॅलो?

ठेवला.

घ्या तुमचा फोन. बघताय काय असे? टेप गुंडाळा. चहा-बिहा काही नाही, मला बसायचंय लिहायला — त्याची ट्रंक उघडायचीय, एकेक कपडा काढून कपाटात लावायचाय. निघा.