परळातली रासबेरी

रासबेरी म्हटलं की मला परळ आठवतं, आणि गंमत म्हणजे परळात ती औषधालाही मिळायची नाही. त्या गोड सोड्याची लाल बाटली फक्त आमच्या गिरगावच्या इराण्याच्या हॉटेलात. असं का, कोण जाणे!

गिरणी संपानंतर आमचा दोस्त बंड्या परळात मुलगी बघायला गेला, सोबतीला मी. मुलीचे वडील गिरणीच्या रंगखात्यातले, संपात नोकरी गेलेली. त्यांनी ऐटीत ग्लास पुढे केले.

"घ्या, खास तुमच्या गिरगावची रासबेरी!"

रंग हुबेहूब तोच. घोट घेतला आणि मी चक्रावलो. कोकम, सोडा आणि मूठभर मीठ!

"कशी आहे?"

"अगदी गिरगावची," बंड्या म्हणाला. मघाशी पोहे देऊन आत गेलेली मुलगी त्याच्या मनात भरली होती ना!

"खारट आहे," मी म्हणालो. "पण काका, रंग कसा काय जुळवलात?"

काका खुलले. "अहो, जन्मभर शेडच जुळवली. चव बघायला खात्यात कोणी सांगितलंच नाही!"

आत मुलगी खुदकन हसली.

तिसऱ्या दिवशी बंड्याकडे निरोप आला, "मुलगा नको. पण तो खारट म्हणणारा, त्याचं कुठे जमलंय का?"